काकूंच्या साड्यांखालची बोर्दो

माजिवड्याच्या वाइन शॉपमधले काका नवख्या गिऱ्हाइकाच्या हातातून महागडी बाटली काढून घ्यायचे. मालक गल्ल्यावरून डोळे वटारायचा, पण काकांना त्याचं सोयरसुतक नसे. मीही असाच नवखा. साहेबांना घरी जेवायला बोलावलं होतं आणि फ्रेंच रेड वाइन हवी, एवढंच मला ठाऊक होतं.

"लेबलावरच्या राजवाड्याला भुलू नका," काका म्हणाले. "पहिल्यांदाच पिताय ना? मग ही साधी बोर्दो न्या. मर्लो द्राक्ष जास्त आहे, जिभेला बोचणार नाही. आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलीत तर काढा होईल."

साहेब खूश झाले आणि मी काकांचा कायमचा शागीर्द झालो.

"स्वस्त बोर्दो साठवायची नसते, दोन-तीन वर्षांत पिऊन मोकळं व्हायचं," हे ते प्रत्येकाला बजावायचे. बाटली माळ्यावर जपून ठेवणाऱ्यांना तर चक्क झापायचे.

आणि हाच माणूस ठाकुर्लीच्या घरात तसलीच एक बाटली आठ वर्षं राखून होता! काकूंना घरात दारूचं नावही चालत नसे. पण एकदा त्या हसत म्हणाल्या होत्या, "तुम्ही रिटायर व्हाल ना, त्या दिवशी मी एक घोट घेईन." काकांनी त्याच आठवड्यात बाटली आणून कपाटात काकूंच्या साड्यांखाली आडवी ठेवली. मालक दरवर्षी "अजून एक वर्ष थांबा" म्हणायचा आणि काका थांबायचे. गिऱ्हाइकासाठी मालकाची नाराजी ओढवून घेणारा हा माणूस स्वतःसाठी कधी तोंड उघडत नसे. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

फेब्रुवारीत काकू गेल्या. तेरावं झालं आणि काकांनी नोकरी सोडली. फोन आला, "आज रिटायर झालो. घरी या."

मी दुपारी पोचलो. काकांनी साड्यांची घडी न मोडता बाटली काढली. बुचाचा भुगा झाला. त्यांनी तीन पेले भरले, एक काकूंच्या फोटोसमोर ठेवला. माझ्या नाकात व्हिनेगरचा वास शिरला.

"काका, खराब झालीय."

"कधीच झाली असणार," ते म्हणाले, आणि आपला पेला शांतपणे संपवला.

मग उठून त्यांनी फोटोसमोरचा पेला उचलला आणि मोरीत ओतला.

"तिला नको ही. ती पहिल्यांदाच पितेय."