मामांच्या गाडीतला पिवळा दिवा

काटकसरीपायी आम्हा सगळ्यांना इतका महाग पडलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माणूस म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सेलूला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. कापसाच्या जिनिंगमधल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच उद्योग उरला आहे, तो म्हणजे बिघडलेल्या वस्तूची चौकशी. पंखा कुरकुरला की स्टुलावर चढून पट्टीचं एक टोक मोटारीला आणि दुसरं कानाला लावून ऐकत बसतात. डॉक्टरकडे जाताना स्वतःच्या दुखण्याचं निदान घरूनच करून नेतात आणि डॉक्टरांचं वेगळं निघालं तर औषध न घेता परत येतात. बाजारात टरबुजं वाजवून वाजवून विक्रेत्याचा जीव काढतात आणि शेवटी रिकाम्या पिशवीनं घरी येतात. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, एकदा वैतागून म्हणाली होती, "हे मला बघायला आले तवा ह्यांनी माझे दात कसे मोजले न्हाईत कोण जाणे!" त्यावर साडू शांतपणे म्हणाले, "आधी काय झालंय ते कळू द्यावं, मग खिशात हात घालावा. ह्यात चूक काय हाय?"

चूक काही नव्हती. हाच माझ्या संतापाचा विषय आहे. ह्या माणसाचं म्हणणं दर वेळी बरोबर निघतं.

आमच्या पाथरीच्या सासऱ्यांची, मामांची, एक जुनी पेट्रोल गाडी होती. मामा गेले तेव्हा ती साडूंकडे आली, कारण तिला जपणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. माझ्याकडे आली असती तर मी वर्षभरात भंगारात घातली असती, हे मामींनाही, म्हणजे सासूबाईंनाही, ठाऊक होतं. मागच्या धोंड्याच्या महिन्याच्या तोंडावर ह्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मेकॅनिकनं वाकून पाहायचेही कष्ट न घेता सांगितलं, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, म्हणजे धूर शुद्ध करणारा तो नळीतला डबा बदला. किंमत ऐकून साडू हसले आणि गाडी घेऊन घरी आले. तो महिना आमच्या सर्वांचा तिथेच नासला.

धोंड्याच्या महिन्याचं महत्त्व मराठवाड्यात जावई झालेल्याला सांगायला नको. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना. त्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. मामींचे गुडघे गेले होते, दम लागायचा. त्यांनी दोन्ही लेकींना एकच सांगितलं होतं, "ह्या बारीला दोगी जोड्यानं एका पंगतीला बसा. पुढचा धोंडा मला दिसल का न्हाई, काय सांगावं." मामींचं तेवढंच मागणं होतं.

आणि इकडे साडू गाडीखाली झोपलेले. त्यांनी स्टीअरिंगखाली टोचायचं एक छोटंसं यंत्र मागवलं. ते मोबाईलवर सांगायचं, की डबा नीट काम करत नाही. साडू म्हणायचे, "यंत्र तक्रार सांगतं, गुन्हेगार न्हाई सांगत." डब्याच्या अलीकडे एक सेन्सर आणि पलीकडे एक. मोबाईलवर अलीकडच्याची रेघ नाचली तर नाचू द्यायची, पलीकडच्याची मात्र जवळपास स्थिर हवी. दोन्ही सारख्याच नाचल्या तर डबा गेला असं समजायचं. पण त्याआधी नळी कुठून हवा ओढते का, ते बघायचं. त्यासाठी आक्काला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडीत बसवलेलं. तिचे हात कणकेचे. खालून आवाज यायचा, "दाब… दाब… आगं सोड! किती दाबायलीस?" मग दिवाळीत जळमटं उडवायचा ब्लोअर धुराड्याच्या तोंडाला चिंध्यांनी बांधून, सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडून, बुडबुडे येतात का ते पाहणं चाललं. गल्लीतले लोक खुर्च्या घेऊन बघायला बसत. मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

मामींचा रोज फोन यायचा. "गाडी ऱ्हाऊ द्या जावाईबापू, जीपनं या." साडू म्हणायचे, "येतो मामी, झालंच हाय." कारण काही सांगायचे नाहीत. मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमीच सांगता की दिवा नुसता जळत असला तर गाडी चालते, लुकलुकला तर थांबायचं. मग चला की तसंच." ते परत गाडीखाली सरकले. मी म्हटलं, "बरं, त्या मोबाईलवरून दिवा पुसून टाका, जेवून येऊ, मग परत लागला तर लागू द्या." तेव्हा मात्र ते भडकले. "ताप आला म्हणून थर्मामीटर झटकून ठेवायचा का? दुरुस्तीच्या आधी दिवा पुसायचा न्हाई. आणि मामींपुढं तर न्हाईच न्हाई."

एके दिवशी सकाळी साडू म्हणाले, सांधा घट्ट केलाय, आता चला. आक्कानं काठपदराची साडी नेसली, आईसाठी बांगड्या घेतल्या. पाथरीच्या वाटेवर निम्म्यात आले आणि पिवळा दिवा परत लागला. साडूंनी गाडी कडेला घेतली, यंत्र बघितलं, आणि वळवून सेलूला आणली. घरी येऊन आक्कानं साडीची घडी घातली आणि पोळ्या लाटायला बसली. मला साडूंचा राग आहे तो ह्या दिवसाचा. अजून गेलेला नाही.

महिना सरत आला तसे आम्ही दोघं नवराबायको जाऊन जेवून आलो. मामींनी वाण दिलं, पण डोळे दाराकडे. दुसरं वाण झाकून ठेवलेलं होतं.

साडूंना शेवटी गुन्हेगार सापडला. डब्याच्या अलीकडच्या सांध्यातलं गॅस्केट जळून चिरलं होतं. एवढीशी चकती, चहापाण्याच्या भावात मिळाली. डबा ठणठणीत. सगळं तपासून, दिवा पुसून, पुन्हा चालवून खात्री करून ते आक्काला घेऊन पाथरीला पोहोचले, तेव्हा धोंड्याचा महिना आदल्या दिवशी संपला होता. मामींनी पोटभर जेवू घातलं. वाण दिलं नाही. "महिना सरला की हो. पुढच्या धोंड्याला देते," म्हणाल्या. त्या थंडीत मामी गेल्या.

यंदा पुन्हा धोंडा आला. परवा साडू गाडी घेऊन दारात आले आणि म्हणाले, "चला साडू, पाथरीला जाऊन येऊ." तिथं आता कुलूप आहे. मनात म्हटलं, आज तरी ह्या माणसाला चार शब्द सुनवायचेच. बंद दारासमोर त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "मामा गेल्यापासून मामी दर बारीला आधी गाडीपाशी यायच्या. इथं, तुमी बसलात तिथं बसायच्या. चावी फिरवायला लावायच्या. दिवे लागायचे, इंजिन चालू झालं की विझायचे. सगळे विझले की म्हणायच्या, 'ह्यांची गाडी बरी हाय.' मगच घरात. जीपनं गेलो असतो तर त्या बसल्या असत्या कशात? आणि दिवा जळत असलेली गाडी त्यांना कशी दाखवू, सांगा?"

"मग धोंडा सरल्यावर गेलात त्या दिवशी दाखवलीत की," मी म्हटलं.

"त्या दिवशी त्या आल्याच न्हाईत गाडीपाशी."

साडूंनी चावी फिरवली. सगळे दिवे लागले, इंजिन चालू झालं, आणि पिवळाही विझला. साडू कुलपाकडे बघत होते. मी मामींच्या जागी, पुढच्या सीटवर बसलो होतो; कोणीतरी म्हणायलाच हवं होतं म्हणून मी म्हटलं, "बरी हाय गाडी."

त्यांनी मान हलवली आणि गिअर टाकला.