घोळ हेल्परचा, हिचा नव्हे

माझ्या बायकोच्या हातांवर सोरायसिस आहे. लालसर चट्टे, वर रुपेरी कोंडा. मुलीच्या हळदीला ती पुरणपोळ्यांची कणीक मळायला बसली, तेव्हा नातेवाइकांच्या नजरा पाहून मीच म्हणालो, "तू राहू दे." पुढे कोणी विचारलं तर सांगायचो, तिलाच चुलीपाशी बसायचा कंटाळा आहे. ते खोटं होतं. तिला मी उठवलं होतं.

नंतर निगडीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "काका, रक्तात मदतनीस पेशी असतात. हेल्पर टी सेल."

मला हसू आलं. आकुर्डीच्या कंपनीत मी हेल्पर म्हणूनच लागलो होतो, ते त्यांना सांगितलं.

"मग तुम्हाला सांगणं सोपं," त्या म्हणाल्या. "नव्या हेल्परसारखी ही पेशीही कोरी येते. आजूबाजूचे जे निरोप मिळतील त्यावर तिचं खातं ठरतं. एक प्रकार शरीराच्या पेशींत लपलेल्या जंतूंमागे लागतो. दुसरा पोटातल्या जंतांवर. तोच बिघडला की दमा, ॲलर्जी. तिसरा कातडी राखतो. काही बाकीच्यांना आवरतात. काकूंच्या अंगातले कातडी राखणारे शत्रू नसताना ओव्हरटाइम करतात. त्यांच्या हाकांनी कातडी घाईघाईनं वाढत राहते. शिवल्यानं हे कुणाला होत नाही."

"बघा," ही म्हणाली, "तिथंही हेल्परनंच घोळ घातला."

टोमणा मला होता, पण बोलायची जागा ती नव्हती.

ती जागा आली चऱ्होलीत, मुलाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. इंजेक्शनांनी चट्टे फिकट झाले होते, पण होते. ही कणकेची परात ओढून बसली. माझी थोरली बहीण माझ्या कानाशी आली.

"आरं, पाव्हणं जेवणार हायेत. उठीव तिला."

"आक्का, ती उठणार न्हाई. ज्याला नको त्यानं भात खावा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत." मी बाहेर ऐकू जाईल असाच बोललो. "हिच्या हातचं खाऊन मी म्हातारा झालो. माझ्या अंगावर एक चट्टा दाखव. मागं हिला मी उठवलं, ती माझी चूक होती. हिच्या हाताची नव्हती."

हिनं मान वर केली नाही. "फुटला एकदाचा कंठ," म्हणाली. "आता तेवढं तूप पातळ करा."

काही जणांनी पोळी घेतली, काही जणांनी खरंच भात. आक्कानंही भातच खाल्ला. उरलेल्या पोळ्या आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी दुधाशी खाल्ल्या. शिळी पुरणपोळी जास्तच गोड लागते.