डावा पाय

माझी उंची चार फूट अकरा इंच. धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. सुट्टीत रानावनात फिरायला त्याने एक भलतीच उंच मोटरसायकल घेतली होती. गेल्या खेपेला कामावर परतण्याआधी चावी माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, उभी राहून गंजून जाईल. तू चालव."

मी बसून पाहिलं. दोन्ही पाय अधांतरी.

"ही काय माझ्यासाठी नाही रे."

"दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोड. सीटवरून जरा डावीकडे सरक. एकच पाय टेक, पण पुरता टेक."

पुढचे आठ दिवस रोज सकाळी तो मला गावामागच्या सड्यावर न्यायचा. उघड्या कातळावर थांबायचं, सरकायचं, पाय टेकायचा, पुन्हा निघायचं. तो गेला आणि मी गाडीने शाळेत जायला लागले. शिक्षकखोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

महिनाभराने जयगडच्या जेट्टीवर मात्र पडले. फेरीबोटीसाठी रांगेत थांबताना सवयीने डावा पाय खाली सोडला, तर तिथे रस्ता डावीकडे उतरता. पाय जमिनीला लागलाच नाही. गाडी हळूहळू कलली आणि मी तिच्यासकट आडवी. लागलं नाही, पण लाजेने कान तापले.

बाजूला उभ्या असलेल्या कोळणीने माशांची पाटी खाली ठेवली. "लागला नाय ना गो बाय?"

"नाही. पण ही आता एकटीने उचलायची कशी?"

"मी हाय ना."

भावाने शिकवलं होतं तसं मी गाडीकडे पाठ करून हँडल धरलं, तिने मागची कडी पकडली आणि दोघींनी मिळून गाडी उभी केली. माझं डोकं जेमतेम तिच्या खांद्याला लागत होतं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत ती म्हणाली, "एवढीशी हायस, पण जोर हाय गो तुला." बोटीत आम्ही शेजारी उभ्या राहिलो. खाडी ओलांडेपर्यंत तिने मला तिच्या तिन्ही सुनांची हकीगत सांगितली.

रात्री भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गॅरेजवाल्याकडून उंची कमी करून घे."

मी नको म्हटलं. गाडी खाली घेतली तर सड्यावरचे दगड तिच्या पोटाला लागतील. आता थांबायच्या आधी मी जागा हेरते; डावीकडे उंचवटा दिसला की तिथेच थांबते. मागच्या रविवारी एकटीच आंजर्ल्यापर्यंत जाऊन आले. वाटेत अकरा वेळा थांबले, आणि अकराही वेळा पाय टेकला.