गावंडे सरांची दोरी

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात बसून त्यांचंच राहिलेलं काम करत होते. ऑनलाइन माहिती भरायचा शेवटचा दिवस होता, तिसरी-चौथी हे सरांचे वर्ग, आणि त्यांची माहिती नेहमीप्रमाणे कोरी. दोन शिक्षकांच्या शाळेत एकजण रजेवर गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात, त्यामुळे मी सकाळपासून त्यांच्या नावानं चरफडत होते. फोनवर आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष रामदासभाऊ होते. "मॅडम, गावंडे सर गेले. अमरावतीले, दवाखान्यात. हार्टचं झालं म्हन्तात." माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. मला वाटलं, या माणसानं आताही काम मलाच लावलं... रामदासभाऊ पुढे म्हणाले, "त्याईच्या नावानं काईतरी करा लागते. अंगनात गट्टू बसवून टाकू. सरांच्या नावाची पाटी लावू."

गट्टू म्हणजे ते लाल-पिवळे सिमेंटचे ठोकळे. आणि अंगणात म्हणजे सरांच्या मातीच्या नकाशावर, कारण आमच्या शाळेचं निम्मं अंगण त्या नकाशानंच व्यापलेलं आहे. त्या नकाशावरून मी सरांशी जेवढी भांडले तेवढी सासरीही कुणाशी भांडले नाही. आता तो सिमेंटखाली जाणार होता, आणि तोही सरांच्याच नावानं. या गोष्टीला महिना उलटून गेला. मधल्या काळात सरांवर पुष्कळांनी गोड गोड लिहिलं, शोकसभेत तर एका वक्त्यानं त्यांना अजातशत्रू म्हटलं. मी पहिल्याच रांगेत बसले होते.

आमची शाळा मूर्तिजापूरहून पूर्णेकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आहे. मी अकोल्याहून अपडाऊन करते, सर अमरावतीहून करायचे. दोघं मूर्तिजापूर स्टेशनवर उतरून एकाच ऑटोनं गावात जायचो, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आधीच भांडणाला सुरुवात झालेली असायची. मी नवीन बदलून आले तेव्हा पहिल्याच दिवशी ऑटोत त्यांनी विचारलं, "मॅडम, आता आपन कोनीकडं चाललो?" मी म्हटलं, शाळेत. "तसं नाई. दिशा सांगा." मी बाहेर पाहून अंदाजानं पूर्व सांगितली, सकाळचं ऊन मात्र उजव्या अंगाला येत होतं. सर ऑटोवाल्याकडे वळून हसले. "पाय रे, आपल्या मॅडम सूर्यावर चालल्या." तो ऑटोवाला नंतर कितीतरी दिवस मला पाहून हसायचा. सर स्वतःला विनोदी समजत, आणि त्यांचा विनोद नेहमी समोरच्याच्या जिवावर व्हायचा.

वर्गात भिंतीवर नकाशे होते. पंचायत समितीत चार चकरा मारून मीच ते मिळवले होते, महाराष्ट्राचा, भारताचा, जगाचा. सरांनी एक दिवस मुलांना विचारलं, उत्तर दिशा कुठं आहे. सगळ्या वर्गानं हात वर करून टिनाच्या छताकडे बोट दाखवलं, कारण भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते. मधल्या सुट्टीत सरांनी तिन्ही नकाशे खाली उतरवून गुंडाळले आणि माझ्या कपाटावर फेकून दिले. मला विचारलंसुद्धा नाही. "नकाशा भुईवर असते, मॅडम. भिंतीवर कॅलेंडर असते." असं म्हणून ते शाळेमागे खर्रा खायला गेले. भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी आहे, ती रंगवून घ्यायला मात्र तेच पुढे होते. प्रभारी मुख्याध्यापकाचं काम वास्तविक सेवाज्येष्ठ म्हणून त्यांच्याकडे जायचं. त्यांनी 'मला कागदं जमत नाहीत' असं सांगून ते माझ्यावर ढकललं, आणि स्वतः मुलांना घेऊन नाल्याकाठी हिंडायला मोकळे झाले. अमरावतीहून पाहुणे यायचे, उपक्रमशील शिक्षक म्हणून सरांचे फोटो काढायचे. पाहुण्यांसाठी चहा मी सांगायची.

त्यांना शिकवता येत नव्हतं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल, आणि सरांबद्दल खोटं बोलायची मला गरज नाही. एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी मुलांना आपापल्या घरचं पाणी आणायला सांगितलं. कुणी विहिरीचं आणलं, कुणी हापशीचं, कुणी नळाचं. सरांनी पोषण आहाराच्या सगळ्या थाळ्या उचलल्या, त्यांत ते पाणी ओतलं आणि थाळ्या उन्हात मांडल्या. खिचडी शिजवणाऱ्या ताई माझ्या अंगावर आल्या, की लेकराईले वाढू कशात. सर म्हणाले, ओंजळीत वाढा. पाणी उडालं तेव्हा काही थाळ्यांत नुसता ओघळ राहिला होता आणि काहींत पांढरा थर धरला होता. एका पोरानं बोट लावून चाटलं. "सर, हे तं मीठ हाय." "कुठून आलं?" "समुद्रातून." "समुद्र कुठी हाय?" पोरानं परत बोट चाटलं. सर सांगायला तयार नाहीत, म्हणे तुमीच शोधा. मग त्या थाळ्या अंगणातल्या गावाच्या नकाशावर ज्याच्या त्याच्या घराच्या जागी ठेवल्या, आणि आपल्या गावाखालचं पाणी कुठं खारं आणि कुठं गोड हे तिसरीच्या मुलांना नुसतं पाहून कळलं. खारपाणपट्टा हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते... थाळ्यांवरचे पांढरे डाग मात्र शेवटपर्यंत निघाले नाहीत, आणि तपासणीत त्याचा जाब मला द्यावा लागला.

आता दोरीचं सांगते. सरांशी माझं खरं वैर त्या दोरीपासूनचं आहे.

तो मातीचा नकाशा पावसाळ्यात विरघळून जायचा, आणि दिवाळीनंतर चौथीची मुलं तो नव्यानं घालायची. काळी माती, त्यात कुटाराचा भुसा कालवून तुडवलेली, म्हणजे भेगा कमी पडतात. घरं म्हणून माचिसच्या डब्या. नाला, पूल, पाण्याची टाकी, देऊळ, विहार, शाळा. सगळं मांडून झालं की शेवटी सर काथ्याची एक लांब दोरी काढत आणि ती कुणाच्या तरी हातात देत. "आपलं गाव कुठवर हाय, टाक." मी बदलून आले त्याच वर्षी दोरी साक्षीच्या हातात आली. साक्षी बौद्धपुऱ्यातली, नाल्यापलीकडची. पोरगी हुशार, हात नेटका. तिनं देवळापासून दोरी सोडायला सुरुवात केली, पाटलाच्या खळ्यावरून घेतली, शाळेला वळसा घातला, नाल्याच्या अलीकडच्या काठानं परत आणली आणि गाठ मारली. तिची स्वतःची डबी दोरीबाहेर राहिली. सगळा बौद्धपुरा बाहेर राहिला. एकाही पोराला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही, बौद्धपुऱ्यातल्या पोरांनाही नाही.

मी व्हरांड्यातून पाहत होते. खाली उतरून मी विचारलं, "साक्षी, तुझं घर गावात नाही का?" ती गोंधळली. "मॅडम, गावात तं आमी दुकानात जातो." मी बार्शीटाकळीची. आमच्या मोहल्ल्यातही पुलापलीकडे निघालं की गावात चाललो असंच म्हणायचे. माझी आई म्हणायची, मीही म्हटलेलं आहे. लेकरू जे घरात ऐकतं तेच मांडणार. माझा राग साक्षीवर नव्हताच. बाजूला कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या गावंडे सरांवर होता. मी वाकले आणि दोरी उचलली.

"मॅडम, दोरीले हात नका लाऊ. पोरीनं टाकली हाय ते."

"आणि तुम्ही पाहत राहिले?"

"पायतोच ना मी. तेच काम हाय माहं."

"सर, ज्याचं घर दोरीच्या आत आहे त्याला पाहत राहणं सोपं असतं."

सगळी मुलं उभी होती. सर म्हणाले, "तुमी सरकवली तं ते तुमची दोरी होईन. पोरीची नाई." मी तरी सरकवली. बौद्धपुऱ्याच्या शेवटच्या डबीपलीकडे नेऊन ठेवली आणि वर्गात निघून गेले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर दोरी पुन्हा साक्षीनं टाकली होती तिथंच. त्या सकाळी माझ्यासाठी न थांबता आधीच्या ऑटोनं येऊन सरांनी ती परत ठेवली होती. माझ्या तोंडावर कुणी थुंकलं असतं तर जेवढं लागलं असतं तेवढं मला ते लागलं. काही बोलायच्या आत सर चौथीला घेऊन गावठाणाची हद्द चालायला निघूनही गेले होते, आणि तिसरी मला देऊन.

दुपारच्या आधी चौथीची मुलं परत आली, धुळीनं भरलेली, ओरडत. हद्दीचा जुना दगड बौद्धपुऱ्याच्याही पुढे, बाभळीखाली निघाला होता. साक्षी सरळ नकाशापाशी गेली, दोरी सोडली, नाल्यावरून नेली, आपल्या डबीच्या पलीकडून घेतली आणि पुन्हा गाठ मारली. या वेळी गाठ घट्ट होती. तिनं मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे नाही. तेवढं एक मला मिळालं.

परतीच्या ऑटोत सर म्हणाले, "चालून पायलं तवा कळलं."

"मला चालल्याशिवाय माहीत होतं."

"तुमाले माईत होतं. साक्षीले नोतं."

ते बरोबर बोलत होते, आणि याचा मला अजून संताप येतो. पण मग मी विचारलं, "आणि साक्षीच्या आधीच्या मुलांचं काय? दरवर्षी तुम्ही दोरी देता. दरवर्षी ती नाल्याच्या अलीकडेच पडत असेल. त्यांना कधी चालवलं तुम्ही दगडापर्यंत?" सर बाहेर पाहू लागले. तुरीचं पीक उभं होतं, ते पाहत बसले. मूर्तिजापूर स्टेशन आलं, ते अमरावतीच्या गाडीकडे गेले, मी अकोल्याच्या. पुढच्या वर्षापासून ते चौथीला आधी हद्द चालवायचे आणि मग दोरी द्यायचे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मी अधूनमधून विचारत राहिले, कधी रागात, कधी चहा घेताना सहज. ते दर वेळी तंबाखू मळायला लागायचे. त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी चालू दिलं, की इतकी वर्षं गावाचा नकाशा शिकवून त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं? दोन्हींतलं काहीही असलं तरी मी त्यांना माफ करणार नव्हते. पण ते काय आहे हे मला हवं होतं. एकदा तरी, मॅडम, माहं चुकलं, एवढं तरी. तेही नाही.

शोकसभेनंतर गट्टूंचा ठराव घेऊन रामदासभाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, मातीचा नकाशा तसाही वाहून जातो, त्यापेक्षा भिंतीवर पेंटरकडून पक्का काढून घेऊ, खाली सरांचं नाव. पेंटरनं केलेलं चित्र त्यांनी मोबाइलवर दाखवलं. देऊळ होतं, ग्रामपंचायत होती, टाकी होती, झेंडा लावलेली शाळा होती. नाल्याशी गाव संपत होतं. बौद्धपुरा कुठे आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "जागा नाई पुरली, मॅडम."

मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. समितीची बैठक झाली, आवाज चढले. साक्षीची आई समितीवर आहे, ती एरवी बोलत नाही. ती म्हणाली, "माती राहू द्या." रामदासभाऊंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमचं आन् सरांचं तं पटत नोतं. सारा गाव जानते."

"नव्हतंच पटत. अजूनही पटत नाही."

"मंग काहून अडवून राहिल्या?"

"कारण हा नकाशा त्यांचा नाही."

गट्टू शेवटी देवळापुढे बसले. सरांच्या नावाची पाटी अजून रामदासभाऊंच्या घरी पडून आहे, आणि तिच्यावाचून सरांचं काही अडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात सरांच्या जागी नवीन शिक्षक आले. तरुण आहेत, नम्र आहेत, माहिती वेळेवर भरतात. मुलांनी माती तुडवून ठेवली होती, डब्या मांडून झाल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, दोरी कुठून न्यायची तेवढं दाखवून द्या, म्हणजे मुलांचा वेळ वाचेल." मी दाखवायला बोट उचललंही. चौथीतली एक पोरगी मध्येच म्हणाली, "सर, असं दाखवत नसतात. चाला लागते. चाला, तुमाले नेतो." आणि सगळा वर्ग त्या बिचाऱ्याला घेऊन फाटकाबाहेर पडला. ती मुलगी देवळामागच्या घरातली होती.

मी अंगणात उभी राहिले. नकाशावर दोरी अजून पडायची होती, माती ओली होती. हे सरांनी पाहायला हवं होतं असं मला वाटलं, आणि त्याच दमात जुना प्रश्न तसाच्या तसा तोंडाशी आला... साक्षीच्या आधीच्यांना काहून नाई नेलं, सर? मी तो मोठ्यानं विचारला. पहिलीतल्या पोरांनी दारातून डोकावून पाहिलं, कोण आलं म्हणून.