खंडेनवमीचा जबाब

ती केस मी अजून विसरलेलो नाही, कारण तिच्यात मालकापेक्षा जखमी माणसालाच बोलतं करणं जड गेलं. मी तेव्हा नाशिकच्या सातपूर भागातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो.

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात शस्त्रपूजेची तयारी चालू होती. सरकारी रुग्णालयातल्या चौकीवरून आदल्या दिवशीचा जबाब आला: कारखान्यातला कामगार, मोटारसायकल घसरून पडला, उजव्या हाताची तीन बोटं गेली. दुसरं वाहन नाही, तक्रार नाही. असं प्रकरण नोंद करून बंद करायला वेळ लागत नाही. हवालदारांनी पेनाचं टोपण काढलंही होतं.

तेवढ्यात त्या कामगाराची बायको आली. मूळची सुरगाण्याकडची. दारातूनच म्हणाली, "साहेब, त्यांना गाडी येत नाय."

"म्हणजे?"

"चालवता येत नाय. सायकलबी नाय. गडावर देवीला जाताना माझा भाऊ चालवतो. हे मागं बसून डोळे मिटून घेतात."

हवालदारांना हसू आलं. तिला आलं नाही. "खोटं लिवलंय ते. हात गेला, आता घर कशावर चालायचं?"

तिचा प्रश्न बरोबर होता. स्वतःच्या हातून गाडी घसरली, तर भरपाई मागायची कोणाकडे? कामावर इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची असते. जबाबातल्या एका वाक्यावर त्या घराचं पुढचं सगळं अवलंबून होतं.

मी हवालदारांना घेऊन रुग्णालयात गेलो. कामगार खाटेवर पडून होता, हाताला मोठी पट्टी.

"गाडी कोणाची होती?"

"शेठची."

"गिअर किती तिला?"

त्याने छताकडे पाहिलं. "दोन... नाय, तीन असतील."

"आणि ब्रेक?"

"होता की, साहेब. एक होता."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस लगेच ओळखू येतो. पण मी कितीही विचारलं तरी तो गाडीची गोष्ट सोडायला तयार नव्हता. शेठने पैसे दिले का, धमकावलं का, दोन्हीला नाही. आणि ते मला खरं वाटलं.

तिथून कारखाना गाठला. पत्र्याची छोटी शेड, पत्रा कापायचे सहा प्रेस. मालकाने स्वतः कुलूप उघडलं. खंडेनवमीची पूजा आदल्या दिवशी झालेली. पाच मशीनांवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. सहावं मात्र पाण्याने धुतल्यासारखं स्वच्छ, उघडं.

"याला हार नाही?"

"फुलं कमी पडली, साहेब."

"दसऱ्याला? नाशकात?" हवालदार म्हणाले. "शेठ, बाहेर रस्त्यावर ढीग लागलेत."

मालक खाली बसला आणि अपघात इथेच झाल्याचं त्याने कबूल केलं. त्या प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून लावायची जाळीही जागेवर नव्हती. ती कोपऱ्यात मिळाली. आम्ही पंच बोलावून रीतसर पंचनामा केला. मालक काही दुष्ट माणूस नव्हता. जखमीला त्यानेच स्वतःच्या गाडीत घालून रुग्णालयात नेलं होतं. नंतर घाबरला आणि मोटारसायकलची गोष्ट रचली.

पण कामगाराने तिला मान का डोलावली, हे कळत नव्हतं. मी त्याच्या बायकोला घेऊन परत खाटेजवळ गेलो आणि एवढंच विचारलं, "हार कोणी काढला?"

त्याचे डोळे भरले. "मीच, साहेब. अर्जंट माल होता. शेठ म्हणाले, तेवढा काढून दे. पूजा झालेलं मशीन चालवायचं नसतं, मी दोनदा म्हणलो. मग हार काढला, पाया पडलो आन् पायडल दाबलं. देवीनं शिक्षा केली. पाप माझं, पैसे शेठकडं कोणत्या तोंडानं मागू?"

कायदा तोंडपाठ होता, पण याचं उत्तर त्यात नव्हतं. ते त्याच्या बायकोने दिलं.

"काल सकाळी मशीनला कुंकू कोणी लावलं?"

"मीच लावलं."

"कोणत्या हातानं?"

त्याने हाताच्या पट्टीकडे पाहिलं.

"मग ज्या हातानं कुंकू लावलं तोच हात देवी तोडंल व्हय? आई हाय ती, का सावकार?" मग पदराने त्याचे डोळे पुसत म्हणाली, "जाळी नव्हती म्हणून हात गेला. सांगा साहेबांना."

त्याने सांगितलं. मी नवा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला. हवालदारांनी शाईचं पॅड पुढे केलं, तर म्हणाला, "सही येते मला." डाव्या हाताने त्याने नाव लिहिलं. बराच वेळ लागला. आम्ही थांबलो.

मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. भरपाईचा दावा पुढे कामगार न्यायालयात चालला, मालकानेही तिथे खरं सांगितलं आणि रक्कम मंजूर झाली. गेलेली बोटं त्या पैशाने परत आली नाहीत, पण घर उभं राहिलं.

अपघाताच्या चौकशीत आम्ही 'चूक कोणाची' हे शोधत असतो. जखमी माणसाने ते आमच्या आधीच ठरवलेलं असतं, आणि बहुधा स्वतःच्या विरुद्ध. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक जखमीला आधी हेच विचारायचो, "तुम्हाला स्वतःचं काय चुकलं असं वाटतं?" माणसं तिथून खरं बोलू लागायची. आणि पूर्ण ऐकून घेतल्यावर पुष्कळदा मलाच त्यांना सांगावं लागायचं, "नाही हो, यात तुमचं काहीच चुकलं नाही."