बॉम्ब, भोंगे आणि तीन एकर हरभरा

मी युद्धाच्या धंद्यावर विनोदी चित्रपट काढला. त्यात एकही माणूस जखमी झाला नाही. नुकसान झालं ते फक्त हरभऱ्याचं आणि माझ्या अब्रूचं.

मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. शस्त्रं विकणाऱ्यांची खिल्ली उडवणारे चार-पाच परदेशी चित्रपट मोबाइलवर पाहिले आणि वाटलं, हे आपल्यालाही जमेल. (मोबाइलवर पाहिलं की सगळंच जमेलसं वाटतं.) अकोल्याला लघुपटांची स्पर्धा होती. कथाही झटपट सुचली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन शेजारी भांडतात आणि एक व्यापारी दोघांनाही बॉम्ब विकतो. व्यापारी झाला माझा साळा प्रमोद. वलगावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बोलण्यात तो कुणाला ऐकत नाही आणि मुख्य म्हणजे फुकट काम करायला तयार होता. चित्रीकरण माझ्या बायकोच्या वावरात. वडिलांनी दिलेलं तीन एकर; एक दिवसाआड एसटीनं वलगावला जाऊन तिनं त्यात हरभरा जोपासलेला.

"सिनेमा करा नाहीतं सर्कस करा," सुनंदानं बजावलं. "पण माह्या हरभऱ्याचं एक झाड मोडलं तं पाहा मंग."

मी शब्द दिला.

खऱ्या स्फोटांची आमची ऐपत नव्हती. प्रमोदनं कुठून कुठून धमाके गोळा करून एका मेमरी कार्डात भरले आणि भोंग्यावर लावले. पहिल्याच धमाक्याला शेजारच्या वानखडेकाकांच्या वावरातून अकरा रानडुकरं शेपट्या वर करून पळाली. मागोमाग काका धुऱ्यावर हजर.

"सर, हे काय वाजून राहिलं?"

"काका, युद्धाच्या बाजारीकरणावर एक भाष्य..."

"ते असू द्या. केवढ्याले देता?"

मी हसलो. प्रमोद हसला नाही. तो अजून व्यापाऱ्याच्या कोटातच होता. "भोंगा, बॅटरी, कार्ड, सारं भेटते काका. वावर तुमचं, जबाबदारी माही." हा संवाद मी लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्यांपेक्षा बरा होता.

वानखडेकाकांची डुकरं आमचं वावर ओलांडून पलीकडे इंगळेभाऊंकडे गेली. (आमच्याकडे तेव्हा चित्रीकरणाचा भोंगा वाजत होता.) इंगळेभाऊ तणतणत प्रमोदच्या दुकानात भांडायला गेले आणि येताना काकांच्याहून मोठा भोंगा घेऊन आले. ते ऐकून काकांनी आणखी दोन घेतले. प्रमोदनं दोघांनाही वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, "समोरच्याजोळ जुनं कार्ड हाय. तुमच्यासाठी हे नवं काढलं, हेलिकॉप्टरवालं."

"अरे प्रमोद, ही तर माझ्या चित्रपटाची गोष्ट आहे! आपण याची टिंगल करत होतो!"

"म्हणूनच तं सोपं गेलं भाऊजी. पाठच होतं."

चित्रीकरण संपलं आणि आमचा भोंगा दुकानात परत गेला. आता डावीकडे बॉम्ब, उजवीकडे हेलिकॉप्टर आणि मध्ये हरभऱ्याच्या घाट्यांनी लगडलेलं आमचं शांतताप्रिय वावर. दोन्हीकडची डुकरं तिथं मुक्कामालाच आली.

सुनंदा उपटलेली झाडं ओंजळीत घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट.

"एक झाड म्हटलं होतं मी. अर्धा एकर गेला. बाकीचा ठेवसान का तोही सिनेमात घालसान?"

मला खरंच शरम वाटली. तडक प्रमोदकडे गेलो. त्यानं सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला पूर्ण भावात भोंगा विकला. "तुमाले सूट देल्ली तं काका काय म्हणतीन?"

पण तोवर डुकरं सरावली होती. दिवस मावळताना आम्ही तिघं धुऱ्यावर बसलो. बॉम्ब वाजले, डुकरं खात राहिली. मशीनगन वाजली, खात राहिली. हेलिकॉप्टर आलं तेव्हा एकानं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात भोंग्यातून सिनेमातला संवाद ऐकू आला आणि प्रमोद पुटपुटला, "तुमच्या कार्डात चुकीनं अख्खा सिनेमाच भरला वाटते."

चित्रपटाच्या शेवटी माझ्याच आवाजातलं चार मिनिटांचं भाषण होतं. भोंग्यातून मी गरजलो, "मित्रहो, आज युद्ध ही एक बाजारपेठ झाली आहे..." एका डुकरानं कान टवकारले. "या भांडवली व्यवस्थेच्या विळख्यात..." दुसरं उठलं. तिसऱ्या वाक्याला अख्खा कळप उधळला तो थेट नाल्यापलीकडे. (खरा मुद्दा चौथ्या वाक्यात होता.)

दुसऱ्या दिवशी वानखडेकाका आणि इंगळेभाऊ चक्क एकत्र दुकानात आले. "बॉम्ब-बिम्ब काढून घे बावा. सरचं भाषण दे फक्त." प्रमोदनं ते आधीच वेगळं करून ठेवलेलं होतं.

अकोल्यात आमचा चित्रपट पहिल्याच फेरीत बाद झाला. अडीच एकर हरभरा मात्र वाचला. तो कापायला आला. सोंगणीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं वावरात उभे होतो आणि तिन्ही वावरांतल्या भोंग्यांतून मीच बोलत होतो. सुनंदानं एक घाटा फोडून दाणा पाहिला.

"बावीस वर्षं मी हे ऐकून राहिली," ती म्हणाली. "डुकराले तीन वाक्यांत समजलं."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं चार मिनिटांचं. पण हरभरा सोंगायचा बाकी होता आणि तीही निघून गेली असती, तर वावरात मी एकटाच उरलो असतो.