टिटवीची भावकी

मंडळी, आज गडब गावी आमच्या दादाचा ट्रॅक्टर शेतातच अडला. समोर टिटवी अंड्यांवर बसलेली, जागची हलेना.

"अपशकुनी पाखरू! हाकल गो त्याला," दादा वहिनीवर खेकसला.

मी ज्ञान पाजळलं, "दादा, ही टिटवी आणि हिवाळ्यात खाडीवर येणारे कुरव, म्हणजे सीगल, एकाच पूर्वजाची पिलावळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी घराणं फुटलं."

वहिनी म्हणाली, "म्हंजे भावकीच की! मग ती कशाला जागा सोडतेय?"

दादाला हसू फुटलं. सख्ख्या चुलतभावाला वीतभर बांध न सोडणारा हा माणूस घरट्याभोवती ऐसपैस तुकडा न नांगरता ठेवून पुढे गेला.

टिटवी मात्र शिव्याच घालत राहिली. म्हणून तिच्या वतीने मीच म्हणतो, दादा, थँक्यू!

तुमच्या भावकीत कुणी कुणासाठी एवढी जागा सोडलीय का हो?